ठराव पोचतो तिथवर

सकाळी साडेसहा

पाण्याच्या टाकीखाली आमचा पाणीपुरवठ्याचा माणूस जंतुनाशक टीसीएल पावडर बादलीत कालवत होता. हजार लिटरला पाच ग्रॅम हे प्रमाण. पावडर सरळ टाकीत भिरकावून चालत नाही. आधी बादलीत नीट कालवायची, गाळ तळाशी बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं आणि अर्धा-एक तास थांबून मगच व्हॉल्व्ह उघडायचा. मी आठवड्यातून दोन-तीनदा तरी या वेळेला इथे येतो.

टाकीवरून आम्ही दोघं गावाच्या शेवटच्या नळाला गेलो. टाकीजवळच्या नळाला क्लोरिन असणारच. खरी परीक्षा शेवटच्या घरात. काचेच्या नळीत पाणी घेतलं, त्यात क्लोरिन तपासायच्या ओटी द्रावणाचे थेंब टाकले. हलका पिवळा रंग आला. शेवटच्या तोटीला किमान 0.2 पीपीएम क्लोरिन शिल्लक राहायला हवं, तेवढं होतं. वहीत नोंद केली, तारीख 22 एप्रिल.

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावचा ग्रामसेवक. शासनाने 2024 मध्ये पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी केलं, गाव मात्र ‘भाऊसाहेब’ म्हणतं. दिवसाची सुरुवात पाण्यापासून करतो, कारण पंचायतीच्या हातात पूर्णपणे असलेल्या मोजक्या गोष्टींत हे पाणी पहिलं. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर आरोग्य विभाग गावाच्या पाण्याची पाहणी करून हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतो. लाल कार्ड आलं तर आमदाराकडे बोट दाखवता येत नाही की तहसीलदाराकडे. ते कार्ड आमचं. गावात गॅस्ट्रोची साथ आली तर तिचा हिशेब या बादलीपाशी येऊन थांबतो.

सव्वानऊ

कार्यालय उघडण्याआधीच ओट्यावर एक आजी बसलेल्या होत्या. हातात नमुना आठचा उतारा. घर नवऱ्याच्या नावावर होतं, आता मोठा मुलगा म्हणतो माझं, धाकटा म्हणतो माझं. “भाऊसाहेब, तुमच्या वहीत माझं नाव लावा, म्हंजे मला कुणी काढणार नाही.”

अशा वेळी स्पष्ट बोलावं लागतं. नमुना आठ म्हणजे कर आकारणीची नोंद. या घराची पट्टी कुणाकडून वसूल करायची एवढंच तो सांगतो. मालकी तो ठरवत नाही आणि आमची पंचायतही ठरवू शकत नाही. वारसांत वाद असेल तर तो दिवाणी न्यायालयाचा विषय. गावोगावी हा घोळ आहे. नमुना आठवर नाव चढलं की घर आपलं झालं असं माणसं समजतात, त्यासाठी सदस्यांवर दबाव आणतात आणि काही ठिकाणी दबावाखाली नोंदी फिरतातही. त्या फिरलेल्या नोंदीतून पुढे पिढ्यान्‌पिढ्या भांडण चालतं. आजींना त्यांच्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला काढून दिला, तालुक्याला विधी सेवा समितीकडे फुकट वकील मिळतो ते सांगितलं, आणि दोन्ही मुलांना संध्याकाळी बोलावून घेतलं. बोलावणं पाठवायला कायद्याचं कलम लागत नाही.

तासाभरात आणखी माणसं आली. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत आणणारे बाप हल्ली वाढलेत, हे चांगलं झालं. एकाला सातबारा हवा होता. तो महसूलचा, शेजारच्या खोलीत. एकाचं रेशन बंद झालेलं. ते तहसीलच्या पुरवठा शाखेचं. एकाच्या डीपीवरचा फ्यूज गेलेला. तो महावितरणचा. एका बाईचं घरकुलाच्या यादीत नाव नव्हतं. ती यादी 2011 च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेतून आणि नंतरच्या सर्वेक्षणातून आलेली. ग्रामसभा तिच्यातून अपात्र माणसाचं नाव वगळा म्हणू शकते, पण पंचायतीने ठराव केला म्हणून नवीन नाव आपोआप चढत नाही. सर्वेक्षणात नोंद झाली पाहिजे. “मग पंचायत कशाला आहे?” त्या बाईंनी विचारलं. प्रश्न रास्त होता. त्यांचा अर्ज घेतला, पोच दिली.

साडेदहा

डोंगराकडच्या वस्तीवरचा हातपंप आटला आहे. तिथे टँकर लागणार. टँकर सुरू करण्याचा अधिकार पंचायतीला नाही. आम्ही ठराव करून पंचायत समितीला मागणी पाठवायची, मग महसूल आणि पंचायत समितीची माणसं संयुक्त पाहणी करणार, आसपास अधिग्रहण करण्यासारखी विहीर किंवा बोअर आहे का बघणार, नसेल तर टँकरची मंजुरी येणार. कागद अपुरा गेला तर या साखळीत एक फेरी वाढते आणि वस्तीवरच्या बायांच्या डोक्यावर हंडे तेवढे दिवस राहतात. म्हणून मागणीपत्राला लोकसंख्या, जनावरांची संख्या, जवळच्या तिन्ही उद्भवांची पातळी आणि फोटो, सगळं जोडलं. ठराव दुपारच्या सभेतच घेतो म्हणून सरपंचताईंना फोन केला.

माझ्या कामाचा गाभा मला इथेच दिसतो. पंचायतीचे काही ठराव हुकूम असतात, काही नुसती मागणी. टाकीत पावडर टाका हा हुकूम. टँकर द्या ही मागणी. हुकुमाची कामं ढिली पडली तर त्याला आम्हीच जबाबदार, आणि मागणीचे कागद कच्चे गेले तर त्यालाही आम्हीच.

साडेअकरा ते दोन

मासिक सभा. गावाची लोकसंख्या तीन हजारांच्या आत, म्हणून नऊ सदस्य, शिवाय थेट निवडून आलेल्या सरपंचताई. थेट निवडणूक 2017 मध्ये आली, 2020 मध्ये रद्द झाली, 2022 मध्ये परत आली. सरपंच एका विचाराचा आणि बहुमत दुसऱ्या विचाराचं, असं त्यामुळे होऊ शकतं. आमच्याकडे तसंच आहे. इथे पक्षाचं चिन्ह नसतं, पण कोण कुणाचं हे भिंतींनाही ठाऊक असतं. कायद्याने कार्यकारी सत्ता सरपंचाची, पण ती ठरावाच्या चौकटीत. ताई एकट्या मनाने रुपया खर्च करू शकत नाहीत आणि नऊ जण मिळून ताईंना वगळून काम सुरू करू शकत नाहीत. मी सचिव. मला मत नाही, नेमणूक जिल्हा परिषदेची. माझं काम कायदा सांगायचं आणि जे घडलं तेच प्रोसिडिंगला लिहायचं. महिला सदस्याच्या जागी तिचा नवरा येऊन बसला तर त्याला बाहेर पाठवणं हेही माझंच काम, आणि ते मी करतो. पन्नास टक्के जागा बायांसाठी 2011 पासून आहेत. खुर्चीत बसायला शिकवायला कुणी लागलं नाही, फक्त बाकीच्यांनी उठायला हवं होतं.

मागील इतिवृत्त वाचून कायम झालं, जमाखर्च झाला, टँकरचा ठराव पाच मिनिटांत झाला. मग पैशाचा विषय निघाला आणि आवाज चढले.

एका सदस्याची मागणी जुनीच, मारुतीच्या देवळापुढे सभामंडप. “पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे पडून आहेत ना, त्यातून घ्या.” मी खात्याचा उतारा पुढे ठेवला. त्या निधीचा 60 टक्के हिस्सा बंधित आहे: निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला 40 टक्के अबंधित, पण तोही गावाच्या आराखड्यात असलेल्या कामावरच आणि पगार-आस्थापनेवर मुळीच नाही. देऊळ त्यात बसत नाही. तांत्रिक मान्यता मिळणार नाही, मोजमाप पुस्तिकेत अभियंता नोंद करणार नाही, आणि समजा सगळ्यांनी डोळेझाक केली तरी लेखापरीक्षणात वसुली निघेल ती ताईंच्या आणि माझ्या नावावर. पैसे ऑनलाइन जातात, दोघांची डिजिटल सही लागते. ताई म्हणाल्या, “मारुतीला सावली हवीच, पण वस्तीला आधी पाणी.” मंडपासाठी आमदार निधीची मागणी करायचा ठराव झाला, बंधित पैशातून वस्तीपर्यंतच्या पाइपलाइनला मंजुरी झाली. सहा विरुद्ध चार. बहुमत त्या बाजूला झुकलं ते एका विरोधी गटातल्या बाईंमुळे. त्यांची सासू त्याच वस्तीवर राहते.

स्वनिधीचंही असंच. घरपट्टी-पाणीपट्टीचं जे काही जमतं, त्यातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचेच आहेत. बऱ्याच पंचायतींत हे पैसे मार्चमध्ये घाईने सतरंज्या आणि भांडी घेऊन संपवले जातात. मला ते सहन होत नाही. गावातल्या दिव्यांग माणसांची यादी आमच्याकडे आहे. कुणाला काय लागतं हे त्यांना विचारून आज एप्रिलमध्येच ठरवलं. एका मुलाला कुबड्या नको होत्या, दहावीच्या क्लासला जायला तीनचाकी हवी होती.

शेवटी ऐनवेळचे विषय. गेल्या आठवड्यात दोन शेतांतल्या मोटारी चोरीला गेल्या. एक सदस्य उठले: “बाहेरच्या फेरीवाल्यांना गावबंदीचा ठराव घ्या. वेशीवर बोर्ड लावू.” दोन-तिघांनी टेबल वाजवलं. आणखी एकाने कोणत्या समाजाचे फेरीवाले तेही बोलून टाकलं.

या ठरावाचा मसुदा मी लिहिणार नाही असं सांगितलं आणि कारणही दिलं. गावात कुठे गाडी लावायची, बाजाराची जागा कोणती, फी किती, हे ठरवणं पंचायतीच्या हातात आहे. कुणी कुठल्या गावचा किंवा कुठल्या समाजाचा म्हणून त्याला रस्ता बंद करणं पंचायतीच्या हातात नाही, ग्रामसभेच्याही नाही. देशभर फिरण्याचा आणि धंदा करण्याचा हक्क राज्यघटनेने दिला आहे. एखाद्या माणसाला किंवा कुटुंबाला गावाने वाळीत टाकलं तर त्यावर महाराष्ट्रात 2016 चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे. आपल्या पंचायतीला घटनात्मक दर्जा मिळाला तो 73 व्या दुरुस्तीतून. तिला घटनेच्या विरोधात ठराव करायचा अधिकार कुठून येणार? परवा 24 एप्रिल. 1993 साली याच तारखेपासून ती दुरुस्ती लागू झाली आणि पाच वर्षांनी निवडणूक घेणं सरकारच्या मर्जीवर राहिलं नाही. त्या घटनेचं छत्र आपल्यावर आहे तसंच त्या फेरीवाल्यावरही आहे.

सभा थोडा वेळ गप्प झाली. मग ताईंनी चोरीचा विषय चोरीच्या जागी आणला: पोलीस ठाण्याला पत्र, ग्रामसुरक्षा दलाची रात्रीची फेरी पुन्हा सुरू करायची, आणि वेशीजवळचा बंद पडलेला पथदिवा उद्याच्या उद्या लावायचा. दिवा आमच्या हातातला. तो तीन महिने बंद होता.

अडीच

डबा उघडला तेवढ्यात अंगणवाडीच्या मदतनीसबाईंचा फोन. आठवड्यावर अक्षय्य तृतीया आली आहे. गावातल्या एका घरात मांडवाची बोलणी चालू होती. मुलगी शाळेच्या दाखल्याप्रमाणे सोळा पूर्ण झालेली नाही.

ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणजे ग्रामसेवकच, अंगणवाडी सेविका त्याला मदतीला. 2006 च्या कायद्याने मुलीचं वय 18, मुलाचं 21. शाळेतून निर्गम उतारा घेतला, 1098 ला कळवलं, बीट हवालदारांना बरोबर घेतलं, ताईही आल्या.

घरात दारू नव्हती, दांडगाई नव्हती. नवरा-बायको दोघं ऊसतोडीवरून मागच्याच पंधरवड्यात परतलेले, भांडी अजून पोत्यात. आई सरळ बोलली: “लेकीला कुणाजवळ ठेवायचं? कारखान्यावर न्यावं तर कोपीत दार नाही. गावात ठेवावं तर म्हातारीला दिसत नाही.” आणि दुसरंही खरं तिने लपवलं नाही. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे जोडप्याला. लग्न झालं की एक कोयता वाढतो.

कायद्यात माझ्याकडे जे आहे ते पुरेसं कडक आहे. लग्न लावणारे, जमवणारे, मांडव घालणारे सगळे गुन्हेगार ठरतात. न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम आणता येतो आणि तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल. हे सगळं सांगितलं. हमीपत्र लिहून घेतलं. मुलीला बालकल्याण समितीपुढे न्यायची तारीख घेतली. मुलगी दाराआड उभी होती, दहावीची परीक्षा दिली आहे का विचारलं तर मान हलवून ‘हो’ म्हणाली, निकाल मेमध्ये.

पण उचलीला मला हात लावता येत नाही. कारखाना दुसऱ्या जिल्ह्यात, मुकादम तिसऱ्या गावचा, करार तोंडी. पंचायतीला जे करता येतं ते एवढंच: 2021 पासून ऊसतोड कामगारांची नोंद घेऊन ओळखपत्र ग्रामपंचायतीने द्यायचं आहे, ते या जोडप्याचं राहिलं होतं, आज अर्ज भरून घेतला. आणि हंगामी वसतिगृह. आई-बाप तोडीला गेल्यावर लेकरांनी गावातच राहून शिकावं म्हणून शाळा व्यवस्थापन समितीमार्फत ते चालतं. मागणी वेळेत गेली नाही तर हंगाम सुरू झाला तरी वसतिगृह सुरू होत नाही आणि लेकरं बैलगाडीत बसून निघून जातात. मोठ्या मुलींसाठी तालुक्याच्या वसतिगृहात जागा हवी. मुख्याध्यापकांना तिथूनच फोन लावला. लग्न थांबवणं माझ्या अधिकारात आहे म्हणून मी ते थांबवलं. पण त्या आईच्या प्रश्नाला उत्तर न देता तिच्या घरातून निघणं मला बरोबर वाटलं नाही. ताई मागे थांबल्या, चहा घेऊनच आल्या.

साडेचार

पट्टी वसुली. संगणक परिचालक, शिपाई आणि मी, गल्लोगल्ली. एप्रिलमध्ये वसुलीला निघालं की लोक चकित होतात, कारण मार्चशिवाय कुणी दार वाजवत नाही. पण सप्टेंबरअखेरपर्यंत घरपट्टी भरली तर पाच टक्के सूट आहे, हे आत्ताच सांगायला हवं.

आकारणी 2015 च्या शेवटी झालेल्या नियमांप्रमाणे भांडवली मूल्यावर होते: क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, घसारा, वापर राहण्याचा की दुकानाचा. मातीचं घर आणि स्लॅबचं घर यांची पट्टी सारखी नसते. एका दुकानदाराने नेहमीचं वाक्य टाकलं, “रस्ता करा, मग पट्टी मागा.” त्यांच्या दुकानापुढचा रस्ता अरुंद आहे तो त्यांच्याच पायऱ्यांनी. गावठाणातल्या रस्त्यावरचं अतिक्रमण काढण्याचा अधिकार कलम 53 ने पंचायतीला दिलेला आहे आणि तो वापरायला सगळ्यात जास्त धैर्य लागतं, कारण पायऱ्या कुणाच्या तरी चुलत्याच्या असतात. सदस्य किंवा त्याच्या घरच्यांचं अतिक्रमण निघालं तर सदस्यत्व जातं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कुटुंबाच्या अतिक्रमणालाही ते लागू केलं. पट्टीचंही तसंच, मागणी बिल मिळून तीन महिन्यांत सदस्याने ती भरली नाही तर तो अपात्र. म्हणून आम्ही यादीची सुरुवात सदस्यांच्या घरांपासून करतो. नऊपैकी आठ जणांची आज भरून झाली. नववे घरी नव्हते, त्यांनी फोनवरून पाठवली.

दुकानदाराला बिल दिलं. नाही भरलं तर नोटीस, मग लोकअदालत, मग जप्तीचा अधिकारही आहे. मला जप्तीची हौस नाही. पण पाणीपुरवठ्याच्या माणसाचा पगार या पट्टीतून होतो, टीसीएलची गोणीही. वरून येणारा निधी काय करायचं हे सांगत येतो. गावाने स्वतः जमवलेला पैसा तेवढा गावाचं ऐकतो. माझ्या मते पंचायतीची खरी सत्ता या पावती पुस्तकात आहे, आणि निवडणुकीच्या तोंडावर पट्टी न वाढवणारे, न मागणारे पुढारी स्वतःच ती सोडून देतात.

सहा

आजींची दोन्ही मुलं आली. अर्धा तास बसली. आई हयात आहे तोवर घराला हात लावणार नाही असं दोघांनी आईसमोर कबूल केलं. कागद केला नाही, करता येणारही नव्हता.

मग 1 मेच्या ग्रामसभेची नोटीस. सात दिवस आधी लावावी लागते, म्हणून आजच लिहायला घेतली. वर्षाला किमान चार ग्रामसभा. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल ते. आमच्याकडे शंभर पुरतात. दिवाळीनंतर अर्धं गाव तोडीला जातं तेव्हा 26 जानेवारीला तेवढीही डोकी जमत नाहीत आणि सभा तहकूब करावी लागते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, म्हणजे वीस माणसांत गावाचे निर्णय होतात, ज्यांच्याविषयी ते असतात ती माणसं साखर कारखान्याच्या फडात. मेची ग्रामसभा आमच्यासाठी वर्षातली खरी ग्रामसभा, ती याचमुळे. वर्षाचा आराखडा आणि ऑक्टोबरमधल्या वसतिगृहाचा विषय आम्ही याच सभेत घेतो.

नोटिशीत यंदा पाण्याच्या ताळेबंदाचा विषय आहे: किती पाऊस पडला, किती मुरला, शेतीला बोअर घ्यायचा की नाही. शेतकऱ्याला बोअर घेऊ नको असं बजावण्याची पंचायतीची ताकद फार थोडी. पण हिवरे बाजारच्या ग्रामसभेने सरपंच पोपटराव पवारांच्या काळात शेतीसाठी बोअर नको हे ठरवलं आणि गावाने ते पाळलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये विधवांच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करायचा ठराव केला. त्या ठरावामागे दंड नव्हता, पोलीस नव्हते. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर पंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. आज दुपारचा गावबंदीचा ठराव आणि हेरवाडचा ठराव, दोन्हीही नियमाच्या पुस्तकात नसलेलेच. एक दुसऱ्याचा हक्क काढून घेत होता, दुसऱ्याने गावातल्याच बायांना त्यांचा हक्क परत दिला.

रात्री साडेनऊ

प्रोसिडिंग स्वच्छ अक्षरात लिहून काढत होतो. टँकरचा ठराव उद्या सकाळी पंचायत समितीत द्यायचा आहे. ताईंचा फोन आला. ग्रामसभेआधीची महिला सभा मी 30 तारखेला दुपारी दोनला धरली होती. ताई म्हणाल्या, “भाऊसाहेब, दुपारी बाया रानात असतात आणि तीसला सण. 29 ला रात्री आठला घ्या, शाळेत. आणि विषयात त्या वसतिगृहाचं वर लिहा, बोअरच्याही वर.” नोटीस अजून फळ्यावर लागायची होती. नवी लिहिली, शिपायाला सकाळच्या दवंडीसाठी बदललेली वेळ सांगितली, वस्तीवर दवंडी पोचत नाही म्हणून तिथल्या आशाताईंना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: “वस्तीवरून चाळीस येतील. परत यायला टेम्पो लागेल.” टेम्पोचं भाडं महिला व बालकल्याणाच्या दहा टक्क्यांत बसतं का, ते सकाळी लेखा शाखेला विचारायचं आहे.